जिथून सांडवा दिसत नाही

आमच्या घरात प्रत्येकाची जेवायला बसायची जागा ठरलेली होती, आणि गवराआत्याची जागा चुलीपाशी, तव्याच्या उजव्या हाताला. ती आमच्याबरोबर जेवली असं मला आठवत नाही. धपाटं थापताना ओल्या फडक्यावर तिची बोटं पडत, तो टपटप आवाज आणि समोरच्या दुकानात अप्पांच्या तराजूची पारडी आपटायची, तो आवाज, या दोन आवाजांत माझं लहानपण गेलं. आत्या अप्पांची धाकटी बहीण. चकलांब्याला दिली होती. नवरा दोन वर्षांत गेला आणि अप्पा बैलगाडी घेऊन तिला परत घेऊन आले, ते कायमचं. आईला दुकानातलं निवडण-टिपण असे, म्हणून मला न्हाऊमाखू घालणं, ताकात भाकरी कुस्करून भरवणं, ताप आला की कपाळाला विभूती लावून उशाशी बसून राहणं, हे सगळं आत्यानं केलं. मला ती मल्ल्या म्हणे. रागावली की मल्लिकार्जुनराव.

अप्पांचं दुकान किराण्याचं. दुकानापेक्षा त्यांची ख्याती त्यांच्या आठवणीची. कुणाच्या घरी माणसं किती, कुणाला कुठली तूर चालत नाही, कोणत्या म्हातारीला गूळ काळाच लागतो, हे सगळं डोक्यात. पंचवीस वर्षांपूर्वी कोणत्या आठवडी बाजारात कोण कुठं बसलं होतं ते सांगत. गावात जुन्या बांधाचा वाद निघाला की माणसं तलाठ्याकडं जायच्या आधी आमच्या ओट्यावर येत. ‘अप्पा, तुमी सांगा. तुमच्या ध्यानात असंल.’ अप्पा डोळे मिटून, गळ्यात फडक्यात बांधलेल्या लिंगाच्या गाठीवर हात ठेवून सांगत, आणि तो वाद तिथंच मिटे. हे आधी सांगून ठेवतो, कारण मी जे केलं ते या एका गोष्टीवर घाव घालणारं होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

आत्या गेली तेव्हा मी नववीत होतो. आमच्या समाजात माणसाला जाळत नाहीत. मातीत खोलीसारखा खड्डा करून, बेल-विभूती घालून, हातात लिंग देऊन मांडी घालून बसवतात. म्हणून आम्ही ‘पुरलं’ म्हणत नाही, ‘बसवलं’ म्हणतो. पावसाचे दिवस होते, ओढ्याला पाणी होतं, आमच्या लोकांची नेहमीची जागा ओढ्यापलीकडं. विधी करणारे जंगमस्वामी म्हणाले, थांबायला नको, वर माळावर बसवू. मग तळ्याच्या वरच्या अंगाला, गायरानात, एका टेकाडाच्या पोटाशी तिला बसवलं. वर अप्पांनी स्वतः बारा काळे दगड रचले. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा लातूरला शिकत होता, तो नंतर पोचला. बसवायला आलेली बाकीची पाच-सहा म्हातारी माणसं पुन्हा कधी त्या माळावर गेली नाहीत. दर श्रावणात एका सोमवारी अप्पा आणि मी, दोघंच तिथं जात असू. तांब्याभर पाणी आणि बेल. अप्पा दरवेळी खूण सांगत, ‘मल्लू, ध्यानात ठेव. इथून तळ्याचं पाणी दिसतं, सांडवा दिसत न्हाई. मधी टेकाड येतं. सांडवा दिसला की समजायचं, आपण चुकलो.’

मी डिप्लोमा करून आलो त्या सुमारास हवाच बदलली होती. बीडला रंगीत टीव्हीची दुकानं झाली, चौकाचौकात पिवळ्या पाटीचे फोन आले, आणि आमच्या भागातले पुढारी, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, ते कुठल्याशा शिष्टमंडळाबरोबर परदेशी जाऊन आले. येताना त्यांनी गोल्फच्या काठ्यांची पिशवी आणली. त्यांचं म्हणणं असं की आता बाहेरच्या कंपन्या येणार, त्यांची माणसं येणार, तर त्यांना संध्याकाळी आपण काय दाखवायचं, ज्वारी? म्हणून तळ्याकाठचं आणि वरच्या माळाचं गायरान भाडेपट्ट्यानं घेऊन नऊ होलांचं मैदान करायचं ठरलं. गाव हसलं. ‘एवढ्याशा गोटीमागं एवढं रान? म्हशी काय डोसक्यावर चारायच्या?’ पण गावातल्या दहा पोरांना काम मिळालं, आणि मला सुपरवायझरची जागा. माझी पहिली नोकरी. मला बुटांचा जोड आणि एक टोपी मिळाली, आणि मी ती टोपी घालून दुकानासमोरून विनाकारण दोन चकरा मारल्या.

आराखडा काढायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. थंडीतली सकाळ. ते, भाऊसाहेब आणि मी माळ चालत होतो. टेकाडाच्या पोटाशी आल्यावर ते थांबले. खाली तळं, पलीकडं कपिलधारच्या बाजूचे डोंगर निळे पडलेले, वारा असा की बोलायला नको वाटावं. ‘चार नंबर इथंच,’ ते म्हणाले. मग त्यांना ते बारा दगड दिसले. ‘हे काय आहे? काही धार्मिक वगैरे?’

माझ्या तोंडून उत्तर यायला फार वेळ लागला नाही. पुढं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की मी गडबडलो, घाबरलो. तसं काही झालं नव्हतं. बीडच्या वसतिगृहात पोरं मला चिडवत, ‘तुमच्यात मेलेल्याला बसवतेत म्हणं, गप्पा मारायला का बे?’ आणि मी त्यांच्याबरोबर हसत असे. त्या पुण्याच्या माणसापुढं, त्याच्या स्वच्छ बुटांपुढं, मला ते सगळं समजावून सांगायचं नव्हतं. एवढंच. मी म्हणालो, ‘काही नाही सर. मेंढक्यांनी रचलेत, बसायला.’ त्यांनी कागदावर गोल काढला.

दगड हलवले त्या दिवशी मी मुद्दाम पंपावर काम काढलं. दगड क्लबहाऊसच्या मागं नेऊन टाकले. आमच्याकडं पाण्याची कायमची ओढ, म्हणून होलाभोवती हिरवळ राखणं परवडणारं नव्हतं. अशा ठिकाणी वाळूचा गोल करतात, त्याला ब्राऊन म्हणतात. चाळलेली वाळू पसरायची, ती वाऱ्यानं उडू नये म्हणून तीत मोटारींचं जळकं तेल मुरवायचं, आणि रोलर फिरवायचा. बीडच्या गॅरेजांतून जळक्या तेलाचे डबे गोळा करून आणायचं काम माझं. चार नंबरच्या ब्राऊनला जरा जास्त तेल लागलं, कारण तिथली माती ते पीत होती. रोलर ओढणारा धोंडिबा म्हणाला, ‘सायब, हितली जिमीन पोकळ हाय.’ मी म्हणालो, ‘अजून एक डबा ओत.’ ज्या अंगावर जंगमस्वामींनी विभूती आणि बेल घातला होता त्यावर मी जळकं तेल ओतवलं. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली.

मैदान मात्र देखणं झालं, ते नाकारून काय करू. पावसाळ्याच्या तोंडाला माळ हिरवा झाला की पहिल्या होलावरून मारलेला पांढरा बॉल तळ्यावरच्या बगळ्यांच्या रांगेत शिरल्यासारखा दिसे आणि मग लांब गवतात पडे. मोर ओरडत. भाऊसाहेबांना चौघांत खेळायची हौस आणि चौथा मिळत नसे, म्हणून त्यांनी मलाच काठी धरायला शिकवली. ‘कंबर फिरव रे, विळा धरल्यावानी धरू नको.’ दोन महिन्यांत मी बरा खेळू लागलो. पहिल्यांदा चार नंबरच्या ब्राऊनवर पाय ठेवताना माझे बूट जड झाले होते. मनातल्या मनात मी तिची माफी मागितली. दुसऱ्यांदाही मागितली. पाच-सहा खेळांनंतर मागायची राहून गेली. खोटं बोललो त्यापेक्षा हे राहून जाणं मला आज जास्त टोचतं. पहिल्या पावसानंतर ब्राऊन डाव्या बाजूला बशीसारखं खचलं. त्यात वाळू भरली, पुन्हा खचलं. कुणाला कारण कळेना. मला कळत होतं. आणि एके दिवशी पाहुण्यांपुढं भाऊसाहेब तिथं वाकून अंदाज घेत असताना मी म्हणालो, ‘उजवीकडं हातभर धरा, बॉल आपणहून डावीकडं वळंल.’ बॉल वळला आणि होलात पडला. टाळ्या वाजल्या. भाऊसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘पोराला मैदान तोंडपाठ हाय.’

श्रावण लागला तसं अप्पांनी जेवताना विचारलं, ‘मल्लू, तिथं आता तार घातलीय म्हणं. सोमवारी आत सोडतेत का, तुज्या सायबाला विचार.’ आई म्हणाली, ‘सोडणार न्हाई तर काय. आपलंच पोरगं हाय तिथं.’ अप्पा हसले. ‘म्हणून तर मला घोर न्हाई. गवरीपाशी घरचं माणूस हाय.’

दुसऱ्या दिवशी मी काय केलं, तर क्लबहाऊसच्या मागून ते बारा दगड एकट्यानं ढकलगाडीवर घालून, टेकाडापासून बाजूला, खेळाच्या वाटेत न येणाऱ्या एका हिवराच्या झाडाखाली नेले आणि अप्पा रचत तसेच रचले. मोठा खाली, चपटा वर. अप्पांच्या हातची रचना मला पाठ होती. बाजूला थोडं गवतही लावलं. काम चांगलं झालं होतं. मी लांब उभं राहून ते बघितलंसुद्धा.

सोमवारी अप्पा धुतलेलं धोतर नेसून आले. फाटकाशी चपला काढल्या. मी म्हणालो, ‘अप्पा, काटे हायत, असू द्या पायात.’ ‘गवरीकडं कधी चपला घालून गेलतो का मी?’ मी पुढं, ते मागं. टेकाडाकडं वळायची पायवाट आली तिथं त्यांचे पाय आपोआप वळले. मी म्हणालो, ‘अप्पा, इकडून.’ ते थांबले, मग माझ्यामागं आले.

दगडांपाशी आल्यावर ते बसले नाहीत. आधी दगडांकडं पाहिलं, मग तळ्याकडं. तळ्याचं पाणी चमकत होतं आणि त्याच्या टोकाला सांडवा, स्वच्छ, वरून पांढरं पाणी पडताना दिसत होता.

‘मल्लू.’

‘हां.’

‘हितून सांडवा दिसायलाय.’

‘तळं भरलंय अप्पा औंदा. म्हणून दिसतो.’

‘तळं भरल्यावर टेकाड सरकतं का?’

ते वाकले, वरच्या चपट्या दगडावरून तळवा फिरवला. त्या दगडाला एका कडेला टवका होता, बसवायच्या दिवशी त्यांच्याच हातून पहार लागून उडालेला. त्यावर त्यांचं बोट थांबलं. ‘दगड तेच हायत,’ ते स्वतःशी म्हणाले. मग पुन्हा सांडव्याकडं बघितलं, पुन्हा दगडाकडं. मी तेव्हा एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. अप्पांनी एकदा डोळे मिटले, लिंगाच्या गाठीवर हात ठेवला, बराच वेळ. उघडले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. लहान पोराचा, वाट चुकलेल्या पोराचा.

‘वय झालं रे,’ ते म्हणाले. ‘मीच उलटं ध्यानात ठिवलं असंल.’

आणि खाली बसून त्यांनी त्या दगडांवर पाणी ओतलं, बेल वाहिला, आणि त्या रिकाम्या जागेला कपाळ टेकवलं.

परत येताना भाऊसाहेबांनी क्लबहाऊसच्या व्हरांड्यातून हाक मारली. ‘अप्पा, असं कसं जाता? या, चहा घ्या.’ अप्पा अनवाणी त्या वेताच्या खुर्चीच्या कडेवर बसले. क्लबहाऊस दगडी, वर कौलं, भिंतीवर काठ्या हातात घेतलेल्या गोऱ्या माणसांची चित्रं. पण भाऊसाहेबांचा सोमवार असल्यामुळं आचाऱ्यानं साबुदाण्याचे वडे तळले होते. त्यांचा वास आणि बुटांच्या पॉलिशचा वास एकमेकांत मिसळलेला. पुण्याचे दोन पाहुणे होते. भाऊसाहेब रंगात आले. ‘अप्पा, तुमच्या पोरानं लई मेहनत घेतली. आणि आमी बी कुणाचं मन दुखवलं न्हाई बरं का. सात नंबरला म्हसोबा निघाला. धोंडिबा म्हणला, सायब, हा आमचा देव. म्हणलं, राहू दे, आपण होल वाकडं करू. केलं वाकडं. काय बिघडलं? देव बी खुश, खेळ बी चालू.’

पाहुणे हसले. मी हातातला वडा बशीत ठेवला. म्हणजे सांगितलं असतं तर एवढंच झालं असतं. गोल वीस पावलं पुढं सरकला असता. कुणी माझी नोकरी घेतली नसती, कुणी हसलंही नसतं. रोलर ओढणाऱ्या माणसाला जे जमलं ते मला जमलं नाही.

अप्पा व्हरांड्यातून टेकाडाकडं बघत होते. ‘ते काळं गोल काय हाय, भाऊसाहेब?’

‘चार नंबर. तिथला नजारा सगळ्यात भारी.’

‘तिथं गवत कावून न्हाई?’

‘वाळूत जळकं तेल घालतेत. काय उगवायचं न्हाई त्यात.’

‘असं,’ अप्पा म्हणाले. आणि बशीत ओतलेला चहा त्यांनी पिऊन टाकला. त्यांना काही उमगलं होतं का, हा प्रश्न मी तीस वर्षं उलटसुलट केला आहे. मला वाटतं, नाही. संशय घ्यायला त्यांच्यापुढं दोघंच होते, मी आणि ते स्वतः. त्यांनी स्वतःवर घेतला.

घरी गेल्यावर आईला ते म्हणाले, ‘आज मी गवरीची जागा चुकलो.’ हसतच म्हणाले. पण त्या आठवड्यात दुकानात त्यांनी मला विचारलं, ‘ही धन्याची पूडच हाय न्हवं?’ हळूहळू ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागले. बांधाच्या वादाला कुणी ओट्यावर आलं तर म्हणत, ‘माझं काय धरू नका बाबा, मला बहिणीची समाधी सापडली न्हाई.’ लोक येईनासे झाले. पुढं दादानं दुकान हातात घेतलं. सगळे म्हणत, अप्पांना विसर पडायला लागला. मीही म्हणत असे. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं, तेही असेल. पण पहिला धक्का कशाचा, ते मला माहीत होतं.

मैदान चार वर्षं चाललं. मग सलग दोन उन्हाळ्यांत तळं आटलं, भाऊसाहेब निवडणूक हरले, क्लबहाऊसची कौलं माणसांनी नेली. माझी नोकरी दुसऱ्या गावी लागली. तार गेली, पण दर श्रावणात घरचे सगळे हिवराखालीच जाऊ लागले. दादानं तिथं सिमेंटचा चौथरा बांधला. एका वर्षी मी आलो होतो. सगळे चौथऱ्यापाशी बसलेले आणि अप्पा काठी टेकत एकटेच टेकाडाकडं चालू लागले. बरीच पावलं गेले. डोकं विसरलं असेल, पायांना आठवत होतं. ब्राऊनच्या कडेपासून वीस-पंचवीस पावलांवर पोचले असतील, तेवढ्यात दादा म्हणाला, ‘अरे, अप्पा भरकटले बघ.’ आणि मी उठून हाक मारली, ‘अप्पा, तिकडं काय न्हाई. इकडं या.’ ते वळले. ओशाळून हसले. परत आले.

खोटं मी त्या एकाच वर्षी बोललो, असं म्हणायची सोय त्या हाकेनं संपवली.

शेवटच्या दिवसांत ते फार बोलत नसत. दादाला जवळ बोलावून म्हणाले, ‘मला गवरीशेजारी बसवा. जागा मला सांगता यायची न्हाई.’ मग माझ्याकडं बोट केलं. ‘ह्याला ठावं हाय.’

अप्पा गेले. दुपारची वेळ होती. अप्पांना फुलांच्या मखरात बसवून माळावर आणलं. कुदळी घेतलेली माणसं चौथऱ्यापाशी थांबली, आणि दादानं, केवळ अप्पांचा शब्द राखायचा म्हणून, मला विचारलं, ‘मल्लू, कुठं?’ अप्पांचा चेहरा माझ्याकडं होता. डोळे मिटलेले, दुकानात आठवताना मिटत तसे. माझ्या उजव्या हाताला, दोनशे पावलांवर, टेकाड होतं. मी चौथऱ्याच्या डाव्या बाजूला बोट दाखवलं, आणि कुदळ पडली.

दादा, हे तू वाचशील तेव्हा मला जे म्हणायचं ते म्हण. पण त्याआधी एकदा माळावर जा. चौथऱ्यापाशी थांबू नकोस; तिथं एकटे अप्पा आहेत, शेजारी कुणी नाही. टेकाडाच्या उगवतीच्या पोटाशी जा. काटेरी झुडपांच्या मधे एक गोल आहे, दहा-बारा पावलं रुंद, जिथं अजूनही काही उगवत नाही. वाळू काळी आहे, हातात घेतली तर तेलाचा वास अजून येईल. गोलाच्या डाव्या अंगाला जमीन बशीसारखी खोल आहे. तिथं चपला काढून उभा राहा आणि खाली बघ. तळ्याचं पाणी दिसेल. सांडवा दिसणार नाही, मधी टेकाड येतं.

अप्पांना बरोबर आठवत होतं.